जवळिकीची भीती आणि न विचारलेला प्रश्न

लैंगिक जवळिकीची भीती वाटणारी माणसं डॉक्टरांकडे जातात तेव्हा त्या भीतीबद्दल क्वचितच बोलतात. पुरुष म्हणतो, थकवा येतो, झोप लागत नाही, ताकदीची एखादी गोळी द्या. स्त्री ओटीपोटात दुखतं असं सांगते आणि नेमकं कधी दुखतं हे गिळून टाकते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. समोरचा सांगत नाही, कारण डॉक्टर आपल्याबद्दल काय समजतील याची त्याला धास्ती असते. तपासणी आटोपते, औषधांची चिठ्ठी मिळते आणि ज्या गोष्टीसाठी पाय दवाखान्याकडे वळले होते ती तशीच घरी परत जाते. कित्येक जोडपी अशी वर्षानुवर्षं एका छताखाली एकमेकांना चुकवत राहतात.

माझं म्हणणं असं आहे, की या चिंतेला त्या एका माणसाची उणीव मानणं हीच आपली मोठी चूक आहे. चुकीची माहिती, प्रत्येक गोष्ट मोजून बघण्याची सवय आणि न बोलण्याचं वळण यांतून ही चिंता बऱ्याच अंशी घडवली जाते. घडवण्यात समाजाचा वाटा असेल, तर ती निस्तरण्याची जबाबदारी एकट्या जोडप्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. शाळा, दवाखाना, वैद्यकीय शिक्षण या सगळ्यांना तिच्यात वाटा उचलावा लागेल. आणि तो उचलताना एक भान ठेवावं लागेल: प्रत्येक भीती घालवायची नसते. काही भीतींचं आधी ऐकावं लागतं.

सुरुवात शरीरापासून करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. हात उचलायचा ठरवला तर उचलता येतो. लैंगिक उत्तेजना तशी हुकमाने येत नाही. तिचा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे आहे, म्हणजे हृदयाचे ठोके आणि पचन जिच्या हाती आहे त्याच यंत्रणेकडे. शरीर निवांत असलं आणि मन स्पर्शात रमलं, की पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीच्या भागातून निघणारे मज्जातंतू काम करू लागतात. नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधले स्नायू सैल पडतात, जननेंद्रियात रक्त भरतं. पुरुषात ताठरता येते, स्त्रीमध्ये ओलावा येतो. धोक्याची चाहूल लागली, की दुसरी बाजू पुढे सरसावते. अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, तेच स्नायू आवळले जातात आणि रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, कारण धोक्याच्या वेळी पळायचं किंवा लढायचं असतं. हा धोका बाहेरून आलेला आहे की ‘आज पुन्हा जमलं नाही तर?’ या एका विचारातून उभा राहिला आहे, याची चौकशी शरीर करत बसत नाही.

झोपेचंही असंच असतं. आता झोपलंच पाहिजे म्हणून डोळे घट्ट मिटून पडलं, की झोप आणखी लांब पळते. प्रयत्नाने जी गोष्ट बिघडते, तिच्यासाठी ‘आणखी प्रयत्न कर’ हा सल्ला घातक ठरतो. तरीही आपण एकमेकांना तोच सल्ला देत आलो आहोत.

झोपेशी संबंधित आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. निरोगी पुरुषाला झोपेच्या स्वप्नावस्थेत रात्रीतून अनेकदा आपोआप ताठरता येते. पहाटे जाग येताना जाणवते ती बहुधा यातलीच शेवटची. ज्याला झोपेत ताठरता येते पण जोडीदारासोबत येत नाही, त्याच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत असल्याची ही खूण असते. स्वतःला कायमचा निकामी समजून बसलेल्या माणसाला एवढी माहिती वेळेवर मिळाली, तरी त्याच्या मनावरचं निम्मं ओझं उतरू शकतं.

अर्थात, म्हणून प्रत्येकाला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगून वाटेला लावणंही तितकंच चुकीचं आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, संप्रेरकांचे बिघाड आणि काही औषधं यांमुळेही ताठरता कमी होते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधी कधी छातीत दुखायला लागण्याच्या काही वर्षं आधी इथे दिसतो. लाजेपोटी ही तक्रार दडवणारा माणूस हृदयविकाराचा आगाऊ इशाराही दडवून ठेवत असू शकतो. शरीराचं कारण असलं, तरी त्यावर चिंतेचा थर चढतोच. एकदा फसलं, दुसऱ्यांदा आधीच धास्ती, तिसऱ्यांदा धास्तीनेच फसलं. मूळ कारण नाहीसं झाल्यावरही हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहतं.

चिंता नेमकं काय बिघडवते, याचा शोध मला फार महत्त्वाचा वाटतो. 1980च्या दशकात डेव्हिड बार्लो या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत काही प्रयोग केले. लैंगिक अडचण नसलेल्या पुरुषांना उत्तेजक चित्रफीत दाखवताना विजेचा झटका बसण्याची भीती घातली, तर त्यांची उत्तेजना घटण्याऐवजी वाढली. अडचण असलेल्या पुरुषांत मात्र अशाच दडपणाखाली ती घटली. दुसऱ्या एका प्रयोगात दोन्ही गटांचं लक्ष भलत्याच आवाजाकडे वळवलं. अडचण नसलेल्यांची उत्तेजना कमी झाली, अडचण असलेल्यांना फारसा फरक पडला नाही. बार्लोने यातून असा निष्कर्ष काढला, की खरा घात लक्ष भलतीकडे जाण्याने होतो. छातीतली धडधड एकटी फार काही बिघडवत नाही. ज्याला अडचण आहे, त्याचं लक्ष आधीच स्पर्शावरून उडून स्वतःच्या अपयशाकडे लागलेलं असतं, म्हणून बाहेरच्या आवाजाने वेगळं काही बिघडायला उरतच नाही.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिक संशोधकांनी 1970मध्ये हीच अवस्था वेगळ्या मार्गाने मांडली होती. माणूस स्वतःच्याच प्रणयाचा प्रेक्षक होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपण कसे दिसतोय, पोट सुटलेलं दिसतंय का, जोडीदाराला आवडतंय का, किती वेळ झाला, अजून का होत नाही, असे प्रश्न चालू असताना माणूस त्या जागी असूनही नसतो. स्त्रियांमध्ये हा प्रेक्षक बहुधा शरीराच्या दिसण्यावर टीका करत बसतो, पुरुषांमध्ये कामगिरीवर. पण ही विभागणी काटेकोर नाही, आणि दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या जोडीलाही हा प्रेक्षक सोडत नाही.

त्यांचा उपाय मला आजही मोलाचा वाटतो. उपचाराच्या सुरुवातीला त्यांनी जोडप्यांना संभोगच करायचा नाही असं सांगितलं. काही काळ फक्त स्पर्श करायचा, तोही सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. जोडीदाराला खूश करण्यासाठी नव्हे, तर आपल्या हाताला काय जाणवतंय ते बघण्यासाठी. पुढे काही घडवायचंच नसल्यामुळे फसण्यासारखंही काही उरत नाही, आणि मग प्रेक्षकाला बघण्याजोगं काही राहत नाही. मास्टर्स-जॉन्सन यांनी सांगितलेल्या यशाच्या आकड्यांवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या. पण स्पर्शाची ही पद्धत टिकली. लैंगिक समस्यांवर काम करणारे समुपदेशक आजही ती वापरतात.

या पद्धतीने आणखी एक जखम भरून येते, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चिंता घरात शिरली, की पहिला बळी संभोगाचा जात नाही. पहिला बळी जातो साध्या स्पर्शाचा. खांद्यावर हात ठेवला तर त्याचा अर्थ ‘आज रात्री’ असा लावला जाईल, मग पुन्हा ते सगळं होईल, म्हणून हातच ठेवायचा नाही. जाता जाता मिठी नको, केसांतून बोटं फिरवणं नको, एकाच वेळी अंथरुणावर पडणंही नको. एक जण उशिरापर्यंत काम काढून बसतो, दुसरी लवकर झोपी गेल्याचं दाखवते. ज्याला भीती वाटते तो लाजेने गप्प असतो, आणि जोडीदार त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘मी आता नकोशी झाले’ किंवा ‘हिला माझी किळस येते’ असा लावतो. भीती एकाची असते आणि नाकारलं गेल्याचं दुःख दुसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकटेच सोसतो आहोत. समोरासमोर बसून ‘मला तू हवी आहेस, मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते’ एवढं वाक्य बोलायला आपल्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं.

आता मोजमापाकडे वळतो. प्रेक्षक माणसाच्या आत बसतो खरा, पण त्याच्या हातातली फूटपट्टी बाहेरून आलेली असते. अश्लील चित्रफितींतले देह निवडून घेतलेले असतात, प्रसंग तुकड्या-तुकड्यांत चित्रित करून जोडलेले असतात, थकवा, विनोद, अडखळणं, ‘थांब, पाय आखडला’ हे सगळं कापून टाकलेलं असतं. ज्याला दुसरीकडून काहीच कळालेलं नाही, त्याच्यासाठी हेच पाठ्यपुस्तक होतं. मित्रांच्या बढाया त्यात भर घालतात.

प्रत्यक्षातले आकडे मात्र बरेच दिलासा देणारे आहेत. मार्सेल वाल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये पाच देशांतल्या 500 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्टॉपवॉचने वेळ मोजली होती. योनिप्रवेशापासून वीर्यस्खलनापर्यंतचा मध्यक काळ 5.4 मिनिटं निघाला, म्हणजे निम्म्यांचा याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त. टोकं बघितली तर एक मिनिटाच्या आतपासून चाळीसहून अधिक मिनिटांपर्यंत. लिंगाच्या लांबीबद्दल 2015मध्ये पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापं एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ताठर अवस्थेतली सरासरी सुमारे 13 सेंटिमीटर आली. तासाभराच्या आणि अवाढव्य मापाच्या कल्पना बाळगून जे तरुण स्वतःला रुग्ण ठरवतात, त्यांतले बहुसंख्य अगदी सर्वसाधारण असतात. पण हे आकडेही नवी फूटपट्टी म्हणून वापरू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. दोन माणसांना समाधान मिळतंय की नाही, हे घड्याळ सांगू शकत नाही. अनेक स्त्रियांना केवळ योनिप्रवेशाने परमसुख मिळत नाही, त्यासाठी शिश्निकेला, म्हणजे योनिमुखाच्या वरच्या बाजूच्या संवेदनशील अवयवाला, स्पर्श लागतो. हे ठाऊक नसलेला पुरुष वेळ वाढवण्यासाठी झगडत राहतो आणि त्याची जोडीदार स्वतःतच काही कमी आहे असं समजून खोटं सुख दाखवत राहते.

भीती पेरण्यात वैद्यकशास्त्राचाही हात आहे, हे मान्य केलं पाहिजे. 1760मध्ये तिसो या स्विस डॉक्टरने हस्तमैथुनावर फ्रेंचमध्ये एक पुस्तक काढलं. वीर्य वाया गेल्याने शरीर झिजतं, बुद्धी मंदावते, दृष्टी जाते, असे दावे त्यात होते. ते युरोपभर गाजलं आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं नामांकित डॉक्टर हेच सांगत राहिले. शास्त्राने ते केव्हाच मागे टाकलं. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, लिंग वाकडं होत नाही, लग्नानंतरच्या संबंधांची क्षमता संपत नाही. पण ज्या अधिकाराने ती भीती पसरवली गेली, त्याच अधिकाराने आणि तितक्याच मोठ्या आवाजात ती मागे घेतली गेली नाही. खुलासा शास्त्रीय नियतकालिकांत राहिला आणि भीती माणसांच्या मनात.

स्त्रियांच्या बाबतीत या भीतीला वेदनेची जोड असते, आणि तिथे आपली बेपर्वाई मला जास्त खटकते. पहिल्या वेळी दुखणारच, रक्त येणारच, सोसायचं असतं, एवढीच काय ती माहिती अनेक मुलींना मिळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. योनिपटल हा लवचीक पापुद्रा असतो, त्याचा आकार प्रत्येकीत निराळा असतो, आणि अनेकींना पहिल्या संबंधात रक्तस्राव होतच नाही. कौमार्याची चाचणी नावाच्या प्रकाराला कसलाही शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2018मध्ये जाहीरपणे सांगून ती बंद करण्याची मागणी केली. असं असूनही वेदनेची आणि रक्ताची अपेक्षा मुलीच्या मनात आधीच रुजवलेली असते, आणि शरीर त्या अपेक्षेला उत्तर देतं.

ते उत्तर कसं असतं? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक झोळीसारखा थर असतो. भीती वाटली की तो आपोआप आवळतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2001मध्ये स्त्रियांना धोक्याचे प्रसंग असलेली चित्रफीत दाखवून या स्नायूंची हालचाल मोजली. लैंगिक प्रसंग नसतानाही स्नायू आवळले गेले, आणि ज्यांना संबंधांच्या वेळी त्रास होतो अशा आणि न होणाऱ्या, दोन्ही स्त्रियांमध्ये. म्हणजे हे आवळणं विकृती नव्हे, शरीराची ती साधी संरक्षणाची रीत आहे. संबंधांच्या वेळी हे स्नायू घट्ट मिटले की प्रवेश अशक्य होतो किंवा जळजळीत दुखतं. दुखलं की पुढच्या वेळी आणखी घट्ट. डॉक्टर याला व्हजायनिस्मस म्हणत आले आहेत. तो मुलगी मुद्दाम करत नाही, तिला नवरा आवडत नाही असाही त्याचा अर्थ होत नाही, आणि ‘जोर लावला की जमेल’ या सल्ल्याने त्याची गाठ आणखी पक्की होते.

दुःखाची बाब अशी, की यावर चांगला उपचार आहे. स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या गतीने वाढवत नेलेला सराव आणि समुपदेशन. डच संशोधक मोनिक तेर काउले यांनी 2013मध्ये 70 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तज्ज्ञांच्या सोबतीने भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार मिळालेल्या 35 जणींपैकी 31 जणींना संबंध ठेवता आले, उपचाराची वाट पाहणाऱ्या, प्रतीक्षायादीतल्या 35 जणींपैकी फक्त चौघींना. इतका फरक पाडणारा उपचार अस्तित्वात असताना एखादीने दहा वर्षं अपराधी भावनेत काढावीत, हे मला सहन होत नाही. मात्र यशाचा मापदंड ‘संबंध झाले की नाही’ इतकाच असावा, हेही मला पटत नाही. तिला बरं वाटलं का, दुखणं थांबलं का, हे आधी विचारायला हवं. शिवाय प्रत्येक वेदना भीतीतून येत नाही. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), बाळंतपणातले टाके, स्तनपानाच्या काळात किंवा रजोनिवृत्तीनंतर कमी झालेलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आणि त्यामुळे येणारा कोरडेपणा, ही सगळी तपासण्याजोगी आणि बहुतेक बरी होणारी कारणं आहेत.

इथे मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या भानाकडे येतो, की प्रत्येक भीती घालवायची नसते. यावर अनेक हितचिंतकांशी माझा मतभेद होईल. चिंता म्हणजे अडथळा, तो काढला की गाडं सुरळीत, असं धरून बहुतेक सल्ले दिले जातात. पण काही वेळा भीती खरं बोलत असते. ज्या जोडीदाराने नकार ऐकला नाही, त्याच्या स्पर्शाने अंग आक्रसणं हा आजार नाही. ज्या व्यक्तीवर लहानपणी किंवा मोठेपणी अत्याचार झाला आहे, तिचं शरीर जवळिकीत दगड होत असेल, तर ते तिचं रक्षण करू बघतंय. तिला ‘सैल सोड’ म्हणण्याआधी सुरक्षितता द्यावी लागते, आणि आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाची मदत लागते. गर्भ राहण्याची भीती वाटत असेल, तर भरवशाचं गर्भनिरोधक हाच तिच्यावरचा उपचार आहे. संसर्गाची भीती असेल, तर तपासणी आणि निरोध. दाराला कडी नसेल आणि भिंतीपलीकडे घर जागं असेल, तर मनातल्या मनात कितीही श्वास मोजले तरी उपयोग नाही. जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासकांनी मांडलेल्या सिद्धांतात लैंगिक प्रतिसादाला चालना देणारी आणि रोखणारी अशा वेगळ्या यंत्रणा मानल्या आहेत, आणि रोखणाऱ्या यंत्रणेचेही दोन भाग केले आहेत: एक अपयशाच्या धास्तीने चालणारा, दुसरा परिणामांच्या धास्तीने. मला ही विभागणी फार उपयोगी वाटते. पहिल्या भीतीला दिलासा द्यावा लागतो. दुसरीसाठी परिस्थिती बदलावी लागते. दोन्हींना एकच औषध देणं म्हणजे ज्याला खरोखर धोका आहे त्याला गप्प बसवणं.

आणखी काहींना भीती वाटते ती फक्त एवढीच, की आपल्याला इच्छा होत नाही म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय. इच्छा प्रत्येकाला सारखी नसते. काहींना ती आपणहून होत नाही, जवळीक सुरू झाल्यावर हळूहळू जागी होते. रोझमेरी बॅसन या डॉक्टरांनी 2000 सालापासून स्त्रियांच्या संदर्भात हे ठळकपणे मांडलं. काहींना ती जवळपास नसतेच आणि त्यांना त्याचं दुःखही नसतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदानपुस्तिकेतही स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्या व्यक्तीला कमी इच्छेचा विकार आहे असं ठरवू नये, असं नमूद केलेलं आहे. त्रास होतोय का, हा प्रश्न इथे निर्णायक आहे, आणि त्याचं उत्तर त्या व्यक्तीनेच द्यायचं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: ही चार भिंतींआडची गोष्ट आहे, ती चव्हाट्यावर का आणायची? कुणाच्या शयनगृहात डोकावा असं मी म्हणत नाही. त्या चार भिंतींच्या आत जाणारी माहिती खरी असावी, एवढंच म्हणणं आहे. दुसरा आक्षेप मुलांबद्दलचा. लैंगिक शिक्षण दिलं तर मुलं वेळेआधी त्या वाटेला जातील, ही पालकांची काळजी प्रामाणिक असते, म्हणून तिला उत्तरही नीट दिलं पाहिजे. युनेस्कोने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन 2018मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. लैंगिक शिक्षणाने लैंगिक व्यवहार किंवा धोकादायक वर्तन वाढत नाही, असं त्या आढाव्यात आढळलं. माझी तक्रार पुढची आहे. जिथे हे शिक्षण दिलं जातं, तिथेही ते बहुतेकदा रोग आणि गर्भधारणा या दोन धोक्यांभोवतीच फिरतं. शरीराची आकृती दाखवली जाते, संसर्गाची नावं पाठ करून घेतली जातात. दुखलं तर थांबायचं असतं, नको म्हणता येतं, नको ऐकून घ्यायचं असतं, पहिल्या वेळी काहीच न जमणं सर्वसाधारण असतं, या गोष्टी त्यात येत नाहीत. भीतीतूनच शिकवलेल्या विषयात पुढे माणसाला भीतीच वाटली, तर नवल कसलं?

मौनाची दुसरी बाजू म्हणजे बाजार. ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे औषध 1998मध्ये आलं आणि अनेकांना त्याचा खरा फायदा झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण ते औषध इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजनेने नायट्रिक ऑक्साइड सुटल्यावर पुढे जी प्रक्रिया होते, तिला ते टेकू देतं, आणि मन भलतीकडे असेल तर टेकू द्यायला काही नसतं. छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधं घेणाऱ्याने ते घेतलं, तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका घसरू शकतो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते म्हणून कुणाचं तरी ऐकून गुपचूप गोळी घेणारा माणूस नेमका हाच धोका पत्करतो. खात्रीशीर इलाजाची, हरवलेल्या ताकदीची जाहिरात करणारे लोक माणसाच्या लाजेवर जगतात. तो माणूस फसवला गेला तरी तक्रार करायला येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणून मी फिरून दवाखान्याकडे येतो. जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने 1976मध्ये लैंगिक अडचणींसाठी मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या: बोलण्याची मुभा, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि शेवटी सखोल उपचार. मोठ्या संख्येने माणसांचं काम पहिल्या पायऱ्यांवरच भागतं, हा त्यामागचा विचार आहे. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तज्ज्ञ लागत नाही. कुठलाही डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक तेवढं करू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाचंच उदाहरण घ्या. त्याला आहार सांगितला जातो, चालायला सांगितलं जातं, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या जातात. पत्नीच्या जवळ गेलं तर पुन्हा झटका येईल का, हा प्रश्न त्याच्या आणि तिच्याही मनात असतो, त्यावर कुणी बोलत नाही, आणि दोघंही कायमचं थांबतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012मध्येच सांगितलं आहे, की बेताचा व्यायाम छातीत न दुखता, दम न लागता करू शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना संबंध ठेवणं सुरक्षित असतं. एका वाक्याची ही माहिती आहे. ती न दिल्याने माणसं उरलेलं आयुष्य अंतर राखून काढतात.

नैराश्यावरच्या गोळ्यांचंही तसंच. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या अनेक औषधांनी इच्छा मंदावते, परमसुखाला उशीर लागतो. रुग्णाला आधी सांगितलेलं नसेल, तर तो स्वतःला दोष देतो किंवा न विचारता गोळ्या बंद करतो, आणि मूळ आजार उलटतो. आधी सांगितलं असेल, तर तो डॉक्टरांकडे येतो, मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लैंगिक अडचणी मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात ठेवल्या गेल्या. शरीर की मन, या जुन्या वादातून त्यांना बाहेर काढणारा हा निर्णय मला योग्य वाटतो. आता तो कागदावरून तपासणीच्या खोलीत यायला हवा. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, नैराश्य, बाळंतपण आणि रजोनिवृत्ती यांच्या प्रत्येक पाठपुराव्यात डॉक्टरांनी आपणहून विचारावं: ‘या काळात अनेकांना शरीरसंबंधांत अडचण येते किंवा भीती वाटते, तुम्हाला तसं काही जाणवतं का?’ सोबत कुणी आलं असेल, तर रुग्णाला एकट्यालाही हा प्रश्न विचारला जावा, कारण ज्याची भीती वाटते तोच कधी कधी शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना छातीचे ठोके ऐकायला शिकवतात तसा हा प्रश्न न अडखळता विचारायला शिकवावा आणि त्याची तोंडी परीक्षाही घ्यावी. उत्तर हो आलं आणि त्या वेळी हाताशी वेळ नसला, तर ‘याच विषयासाठी पुढच्या आठवड्यात या’ असं म्हणून तारीख द्यावी.